रिकाम्या कोनाड्यातला चेहरा

१

चोरी म्हटली की काहीतरी गेलेलं असतं. गुन्हे शाखेत सगळी नोकरी गेली, तिथे रोज हेच ऐकलं, साहेब हे गेलं, साहेब ते गेलं. गोळीबार चौकाच्या मागच्या गल्लीत मात्र उलटाच प्रकार झाला. जिथे काहीच नसायला पाहिजे होतं तिथे काहीतरी सापडलं, आणि त्यापायी एका पोरीला तिच्या माणसांतून कायमचं काढायचं घाटत होतं.

ती पोरगी काजल. मी चारुशीला ढोमणे, निवृत्त, मुक्काम धरमपेठ. निवृत्तीनंतर मी भजनी मंडळात जावं असा माझ्या वहिनीचा फार आग्रह होता. त्यापेक्षा चित्रकला महाविद्यालयात पोरांसमोर गप्प बसून राहणं मला परवडलं. पोरं माझं डोकं मातीत घडवत. काजल पहिल्या वर्षाला होती. तिनं माझं नाक पार वांग्यासारखं केलं होतं. पण बाकी डोकं माझंच होतं, हे कबूल केलं पाहिजे. मला तिथे दुसरा उद्योग नसल्यामुळे मीही दोन महिने तिचाच चेहरा बघत बसले होते.

गुरुवारी दुपारी मी कुलर लावून नुकतीच आडवी झाले होते, तर ही दारात.

"मॅडम, रविवारी माही पाठ होणार आहे."

"म्हणजे काय होणार आहे? आणि चप्पल बाहेर काढ आधी."

"आमच्यात कोणी मोठा गुन्हा केला का सगळे त्याच्याकडे पाठ करून उभे राहतात. मंग तो आमच्यातून गेला. आई बोलत नाई, आजी बोलत नाई. मेला तरी कोणी येत नाई." एवढं बोलेपर्यंत तिनं दम धरला, मग मात्र तिला रडू फुटलं. "मले आईले सोडून नाई राहता येत, मॅडम. ते एकटी आहे."

"केलंस काय तू?"

"काहीच नाई! पण सगळे म्हणून राहिले का देवाच्या जागी चेहरा मीच बनवून ठेवला. चेहरे बनवाचं शिकते ना मी."

"मग त्यात काय? कुठल्या देवाला चेहरा नसतो?"

"आमच्या," काजल म्हणाली.

२

ऑटोत बसून तिनं जे सांगितलं ते मी इथे थोडक्यात सांगते, कारण मला पाल्हाळ आवडत नाही.

यांच्या देवाचं नाव एकला. एकटाच आहे, त्याला बायको नाही, भाऊ नाही, रूप नाही. पंथ फार जुना. कुठल्या तरी राजाच्या काळात त्याच्या तसबिरीपुढे मान वाकवायला सांगितली, तर हे लोक म्हणाले, आमची मान एकल्यासमोरच वाकते. झालं. तिथून हाकलले गेले. पुढच्या मुलखातही तेच. एका ठिकाणी तर सरदारानं चित्रकार पाठवून यांच्या म्हाताऱ्यांची चित्रं काढून घेतली आणि ती दाखवून दाखवून एकेकाला धरून नेलं. त्या दिवसापासून यांनी दोन गोष्टी पक्क्या केल्या. देवाला चेहरा नाही, आणि आपणही मागे चेहरा ठेवायचा नाही. शेवटी उमरेडला येऊन मागावर बसले, तिथून नागपुरात. सरकारी कागदावर साधे विणकर. आता चाळीसेक घरं उरली असतील. पोरं बुटीबोरीला नोकरी करतात, माग फक्त दोन घरांत.

"अगं पण आधार कार्ड? त्यावर फोटो लागतोच की."

"ते चालते. जित्या माणसाचं चालते. माणूस गेला का त्याचे सगळे फोटो, आधार कार्डासकट, त्याच्यासंगं मातीत."

"तुझे वडील?"

"मी लहान होती तेव्हाच गेले. बुटीबोरीले कारखान्यात अपघात झाला. मले त्यांचा चेहरा आठवत नाई." हे तिनं अगदी सवयीनं सांगितलं, घराचा पत्ता सांगावा तसं.

त्यांचं देवघर म्हणजे एक लांबट खोली. दाराला कुलूप नाही, कडीही नाही. पळायची वेळ आली तर दार अडू नये म्हणून. आत दिवा लावायचा नाही. समोरच्या भिंतीत एक कोनाडा आणि त्यावर पांढरा, बिनकाठाचा पडदा. पडद्यामागे रिकामं. त्या रिकाम्यापुढे हात जोडायचे.

हा पडदा वर्षातून एकदा, फाल्गुनात बदलतात. तो मान पंथाच्या म्होरक्याचा. म्होरक्या म्हणजे काजलचेच आबाजी, तिचे आजोबा, जागेश्वर. ते एकटे आत जातात, दार लोटतात, जुना पडदा काढतात, नवा लावतात. यंदा न्हाणीत घसरून त्यांचा उजवा हात मोडला. म्हणून त्यांचे धाकटे भाऊ ताराचंद आत गेले, आणि ओरडतच बाहेर आले.

"पाठ कोण देणार? म्हणजे हुकूम कोण देतं?" मी विचारलं.

"म्होरक्याच देते. आबाजीच."

"आणि त्यांना तुझं खरं वाटत नाही?"

काजल रस्त्याकडे बघत बसली. "आबाजी तं त्या दिवसापासून माह्याकडे पाहतच नाई."

३

ताराचंदनं मला खोलीच्या उंबऱ्यापर्यंत येऊ दिलं. परकं माणूस आत चालत नाही. माणूस तसा सरळ वाटला, फक्त आवाज चढा.

"पाहा मॅडम, मले माह्या नातीचा काही राग नाई. पण हे पाहा."

पितळी परातीत ठेवून त्यानं तो चेहरा बाहेर उजेडात आणला. नारळापेक्षा थोडा मोठा. गेरू मिसळलेली माती, न भाजलेली, वाळून चिरा गेलेली. भिंतीला टेकण्यासाठी मागून सपाट. कपाळ रुंद, भुवयांची हाडं नीट उचललेली, मिटलेले डोळे असे नाजूक केलेले की पापणीची कड बोटाला लागावी. डाव्या भुवईच्या वर मात्र अंगठा बसेल एवढा खड्डा. आणि नाकाखाली काहीच नाही. गाल नाहीत, ओठ नाहीत, हनुवटीच्या जागी नुसता गुळगुळीत गोळा.

"कोण आहे हा?"

"कोणास ठाऊक. कोणी ओळखत नाई."

"काजल तर तोंड करते. माझं केलंय तिनं, नाकासकट. ही अर्धवट सोडलेली मूर्ती तिची कशी?"

"मुद्दाम सोडली असंल, कोणाले समजू नये म्हणून. मॅडम, चाळीस घरांत माती कालवणारी एकच पोरगी हाय. जुलैत तिनं कॉलेजात नाव घातलं, अन् फाल्गुनात हे निघालं. दोन अन् दोन चार."

हे दोन अन् दोन चार करणारे लोक मी नोकरीत भरपूर पाहिले. बहुतेकांचे पाच होत.

"तुम्हाला हे दिसलं कसं? आत तर अंधार असतो."

"दिसलं कुठं? लागलं. पडद्याच्या खुंट्या कोनाड्याच्या आतून हायेत ना. हात आत घातल्याबिगर पडदा निघतच नाई. मी हात घातला अन् माय वं, नाक लागलं हाताले! मले वाटलं कोणी माणूस बसून हाय." तो अजूनही हात धोतराला पुसत होता. "वर्षभर आम्ही या मातीपुढे हात जोडले असतील. याच्यासाठी आमचे लोकं मेले काय?"

त्याचं दुःख खरं होतं. तरी मी एक गोष्ट मनात टिपली. मोठ्या भावाच्या घरातून चेहरा करणारी निघाली, तर म्होरकेपण धाकट्याकडे यायला वेळ लागणार नाही.

"काढलेला पडदा कुठाय?"

त्यानं आणून दाखवला. आतल्या बाजूला दोन तांबूस डाग होते, वर एक आडवा, खाली एक बोटाएवढा. कपाळ आणि नाक पडद्याला घासत होतं तिथले.

"याचं आता काय करता तुम्ही?"

"जुना पडदा फेकत नाई आम्ही. ज्याच्या घरी नवं लेकरू झालं त्याले देतो, दुपट्यासाठी."

मी परत परातीकडे वळले आणि ते कपाळ बघता बघता एकदम थांबले. असं रुंद कपाळ, भुवईचं हाड असं पुढे आलेलं, हे मी दोन महिने समोर बसून पाहिलं होतं. ते कपाळ काजलचं होतं.

४

काजलनं स्वतःचाच चेहरा केला असता तर आरशात बघून तोंडही केलं असतं. तेव्हा हे कपाळ तिला ज्याच्याकडून आलं त्याचं असणार. साहिल, तिचा बाप.

काजलची आई कामिनी शिवणाच्या मशीनवर बसली होती. तिच्या सासूबाई, मैनाबाई, खाली बसून मटार सोलत होत्या. मी येऊन बसले तरी दोघींचे हात थांबले नाहीत.

"कामिनीताई, तो चेहरा पाहिला तुम्ही?"

"पाहिला."

"तुमच्या नवऱ्याचा आहे तो."

मशीन थांबली. कामिनीनं आधी सासूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती नाही म्हणेल असं मला वाटलं होतं. तिनं डोळ्याला पदर लावला.

"मले नाई ओळखू आलं, बाई. तो समोर होता परातीत, अन् मले नाई ओळखू आलं. संगं संसार केला मी त्याच्या. आवाज आठवते, चाल आठवते. चेहरा आठवाले गेली का पुसूनच जाते."

"फोटो एकही ठेवला नाही?"

"एक ठेवला होता ब्लाउजात लपवून. मातीच्या दिवशी मीच दिला. भेव वाटलं."

मैनाबाईंनी मटाराचं टोपलं बाजूला सारलं. "भेव नाई वं, कामिनी. नेम हाय तो."

"नेमच असंल, आई."

मी विचारलं, साहिलला घरी आणलं तेव्हा काय काय झालं. मैनाबाईंनी सांगितलं. त्या सांगत होत्या ते एखाद्या सणाची रीत सांगावी तितक्या शांतपणे, आणि त्या शांतपणाचाच मला त्रास झाला.

"आमच्यात निरोप हातानं देतात. दारं-खिडक्या लावाच्या, अंधार कराचा, गेलेल्याच्या अंगावरचं सगळं सोडाचं. डोळ्यानं पाहाचं नाई, पाहिलं का मन तसबीर काढते. हात फिरवाचा. ज्याचा त्याचा भाग ठरलेला. कपाळ, डोळे अन् नाक बापाचं. गाल, ओठ, हनुवटी आईची. बायकोले हात. काकाले पाय."

"एकमेकांच्या भागाला हात लावत नाही?"

"नाई. आपल्या वाट्याचं तेवढंच. ते हातात राहते, मरेपर्यंत." त्यांनी उजवा पंजा मांडीवर उताणा ठेवला, त्यात काही धरल्यासारखा.

"साहिलला मार कुठे लागला होता?"

"डोक्याले," कामिनी म्हणाली. "कारखान्यातून आणलं तेव्हा भुवयांपर्यंत पट्टी होती. मी पट्टीच पाहिली. खाली काय होतं ते नाई पाहिलं कोणी. पट्टी अंधारातच सोडली, अंधारातच परत बांधली."

परातीतल्या कपाळावर डाव्या भुवईच्या वर अंगठा बसेल एवढा खड्डा होता. कोणीच न पाहिलेली जखम कोणीतरी मातीत बरोबर दाबून ठेवली होती.

मला उत्तर साधारण दिसायला लागलं होतं. पण म्होरक्यावर असला आरोप नुसत्या कपाळावरून करता येत नाही. ताराचंद म्हणेल, मॅडम, तो खड्डा म्हणजे वाळताना माती खचली. आणि चाळीस घरं त्याचंच ऐकतील.

५

पुरावा मला ताराचंदच्याच मांडीवर सापडला.

शनिवारी सकाळी मी त्याच्याकडे गेले. अंगणात तो नातवाला मांडीवर घेऊन ऊन देत बसला होता. दिवाळीत झालेला नातू, बाळसेदार. समोर मिसळ आणि तर्री पोहे, दोन्ही. माणूस दुःखात होता, पण उपाशी नव्हता.

"घ्या मॅडम, पोहे घ्या. मंग, कबूल केलं का पोरीनं?"

"नातवाला काय गुंडाळलंय?"

"पडदा हाय एकल्याचा. लेकराचा जन्म झाला तेव्हा आमच्याच घराचा नंबर होता." त्यानं अभिमानानं दुपट्याचं टोक सरळ केलं. त्या टोकावर दोन डाग होते. धुऊन धुऊन फिके झाले होते, पण जागा तीच. वर एक आडवा, खाली एक बोटाएवढा.

"हे डाग कसले?"

"कोणास ठाऊक. सून म्हणे गंज लागला असंल. जात नाई काही केल्या."

"ताराचंदभाऊ, हा पडदा भिंतीवरून केव्हा उतरला?"

"मागच्या फाल्गुनात."

"आणि यंदा तुम्ही उतरवलात तो?"

"तो त्याच दिवशी चढला. मागच्या फाल्गुनात."

"मग यंदाच्या पडद्यावर डाग पडले, ते या वर्षभरातले. तुमच्या नातवाच्या दुपट्यावर डाग पडले, ते कधीचे?"

तो तोंडात पोहे तसेच ठेवून दुपट्याकडे बघत राहिला. त्याला वेळ लागला, पण तो आपला आपणच पोचला. मी मदत केली नाही. हे ज्याचं त्यालाच कळावं, नाहीतर तो नंतर तुमच्याशीच भांडतो.

"म्हणजे तो चेहरा मागच्या फाल्गुनाच्या आधीपासून तिथं..."

"काजल तेव्हा शाळेत होती. आणि मागच्या फाल्गुनात पडदा बदलायला जो आत गेला, त्यानंही हात कोनाड्यात घातलाच असणार. तुमच्या हाताला नाक लागलं. त्याच्या हाताला लागलं नाही?"

ताराचंदनं नातवाला उचललं आणि घरात नेलं. बाहेर आला तेव्हा त्याचा चढा आवाज गेला होता.

"मॅडम, माहा भाऊ हाय तो. तुम्ही चुकून राहिल्या. तुम्ही चुकून राहिल्या असं म्हणा."

६

जागेश्वर बाजेवर बसले होते. उजव्या हाताला प्लॅस्टर, डावा गुडघ्यावर. उंच, सुकलेला, ताठ म्हातारा. मी आले कशासाठी हे त्यांना ठाऊक होतं.

"बसा, बाई. काजलसाठी आल्या."

"हो. मागच्या फाल्गुनात पडदा तुम्हीच बदलला?"

"मीच. दर साली मीच बदलतो."

"हात आत घातला?"

"घालाच लागते."

"हाताला काय लागलं?"

  म्हातारा म्हणाला, "माहा पोरगा."

७

साहिल गेल्यावर पुढच्याच वर्षी, काजलचं नाव शाळेत घातलं त्या उन्हाळ्यात, त्यांच्या ध्यानात आलं की पोराचं तोंड आठवत नाही. आधी हसू गेलं, मग ओठ, मग गाल. उरलं ते हाताला लागलेलं, कपाळ, मिटलेले डोळे, नाक आणि तो खड्डा.

"मले वाटलं, हेही जाईल. मंग माह्यापाशी काय राहीन? रामटेकच्या वाटेवरून माती आणली. जेवढं हातात होतं तेवढं केलं. ठेवाचं कुठं? घरात ठेवलं तं मैना पाहीन. असं ठिकाण एकच होतं जिथं कोणी पाहत नाई."

"म्हणून दहा-बारा वर्षं सगळ्यांना त्याच्यापुढे हात जोडायला लावलं."

"दर साली वाटे, यंदा काढतो. हात लागे अन् काढवत नसे." त्यांनी डोळे पुसले नाहीत, पाणी तसंच वाहू दिलं. "यंदा हात मोडला माहा, नाई तं मरेपर्यंत कोणाले समजलं नसतं."

आता मला राग आला. मी रागीट आहे, खात्यात प्रसिद्ध होते त्याबद्दल.

"आणि उद्या? उद्या तुम्ही काजलला पाठ देणार होता? साहिलच्याच पोरीला?"

"बाई, तुम्ही भायेरच्या. ऐका. आमचे लोकं मार खाऊन, घरं जाळून घेऊन, एका गोष्टीपायी टिकले. त्या कोनाड्यात काही नाई, या गोष्टीपायी. उद्या मी म्हणालो का तिथं माह्या पोराचा चेहरा होता, तं इतक्या वर्षांच्या प्रार्थना कोणाले गेल्या? चाळीस घरं हायेत. एक पोरगी गेली तं पंथ राहते. मी बोललो तं पंथ जाते."

"तुमच्या लोकांना ज्यांनी गावोगाव हाकललं, त्यांचाही हिशेब असाच असेल. थोडे गेले तर काय, राज्य राहतं."

 त्यांनी डाव्या हातानं बाजेची कड घट्ट धरली.

"मैनाले सांगू नका. मीच सांगतो."

"कधी?"

"उद्या. सगळ्यांसंगं."

ते खरंच सांगतील याची मला खात्री नव्हती. म्हणून रविवारी मी जाऊन उंबऱ्यावर बसले.

८

सगळी घरं आली होती. खोली भरली, गल्लीतही माणसं उभी. मध्ये परात, परातीत चेहरा, शेजारी पाण्याचा तांब्या. नेम असा की ज्यानं बनवला त्यानंच पाणी ओतून विरघळवायचा, तोवर सगळ्यांनी पाठ करून उभं राहायचं, आणि म्होरक्या "झालं" म्हणाला की मागे न बघता निघून जायचं.

काजल भिंतीला टेकून उभी होती. तिचा हात कामिनीनं एवढा घट्ट धरला होता की दोघींची बोटं पांढरी पडली होती.

जागेश्वर परातीजवळ गेले.  मग ते बोलले. लांबण लावली नाही. कोणाचा चेहरा, कधी बनवला, कुठे ठेवला, आणि पोरीवर आळ आला तेव्हा आपण गप्प बसलो, तेही.

 एक म्हातारी, प्रयागबाई, काठी टेकत पुढे आली.

"माही लेक दवाखान्यात होती, जागेश्वर. मी इथं येऊन रोज रडली. कोणापाशी रडली मी?"

"साहिलपाशी, बाई."

"लेक वाचली ना पण."

  प्रयागबाई काठी टेकत आपल्या जागी परत गेल्या.

गुन्हा कबूल करताच जागेश्वरांचं म्होरकेपण गेलं होतं; आता ताराचंद म्होरक्या होता.  "पाठ," तो म्हणाला, आणि सगळ्यांत आधी तोच वळला. मग सगळे वळले. नुसत्या पाठीच पाठी. हे मी तिऱ्हाईतासारखी बघत होते. माणसाला याहून वाईट काही करता येत असेल असं मला वाटत नाही.

चारच माणसं वळली नाहीत. जागेश्वर, कामिनी, काजल आणि मैनाबाई. जो वळत नाही तोही गेला, असा नेम. पण वळलेल्यांना ते दिसणार कसं? पाहायला मी एकटी होते आणि मी परकी.

मैनाबाई परातीपाशी खाली बसल्या.  त्यांनी तांब्यात बोटं बुडवून तो गुळगुळीत गोळा चाचपला. माती दगडासारखी वाळलेली, ती काही हलेना. काजलनं ते पाहिलं, आईचा हात सोडला आणि येऊन बसली. मागच्या सपाट बाजूची माती तिनं नखानं खरवडली, पाण्यात कालवली, चांगली मळून मऊ केली आणि आजीच्या तळव्यावर ठेवली.

मैनाबाईंनी डोळे मिटले. मग त्यांचा हात चालू लागला. गाल आले. वरचा ओठ, खालचा ओठ. हनुवटी त्यांनी एकदा केली, मोडली, परत केली. पाणी वाजत होतं, माती वाजत होती, भरलेल्या खोलीत सगळ्यांना ते ऐकू जात होतं. ताराचंदच्या पाठीकडे मी बघत होते. पाणी ओतायला इतका वेळ लागत नाही हे त्यालाही कळत असणार. त्याची मान खाली गेली, पण "झालं" तो म्हणाला नाही.

"आजी," काजल अगदी हळू म्हणाली, "तोंड उघडं काहून ठेवलं?"

"बंद कधी राहे ते? सारखा बोलतच राहे."

"झोपेतही," कामिनी म्हणाली, आणि तिला हसू आलं, आणि मग ते हसू तिला आवरेना, तोंडात पदर कोंबून ती तिथेच खाली बसली. "हाच. हाच होता वं, काजल. असाच होता."

जागेश्वरनी डाव्या हातानं तांब्या उचलला. पाणी काठावरून सांडत होतं.

"थांबा, आबाजी," काजल म्हणाली. "मी पाहून राहिली."

त्यांनी तांब्या खाली ठेवला.